ऊष्म वर्णांची दुरुस्ती

मराठी विभागातला ध्वनिवर्धक बिघडला तर ते काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाविद्यालयांत ठरलेले आहे. ते काम शिपायाचे, वायरमनचे, फार तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा साहाय्यकाचे. तारा हलवून, कुठे सोल्डरचा एखादा डाग लावून पेटीतून आवाज येऊ लागला की ‘चालू झालं’ असा निरोप येतो, आणि आपण समाधानाने एखाद्या कवीचे वाचन वर्गाला ऐकवायला घेतो. या व्यवस्थेला माझा आक्षेप आहे. पेटीतून आवाज येणे आणि पेटीतून मराठी ऐकू येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंतले अंतर बहुतेक वेळा ट्वीटर नावाच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका घुमटावर अवलंबून असते. तो घुमट मुका झाला की नेमके काय हरवते हे वायरमनला कळण्याचे काही कारण नाही. ते कळण्याची जबाबदारी वर्णविचार शिकवणाऱ्यांची आहे, आणि म्हणून ट्वीटरची दुरुस्ती हा मी भाषाविभागाच्या अखत्यारीतला विषय मानतो.

वर्गात वापरल्या जाणाऱ्या पेट्या बहुधा दोन-मार्गी असतात. खाली मोठा कागदी किंवा प्लॅस्टिकचा शंकू असतो, तो वूफर. वर लहानसा रेशमी, प्लॅस्टिकचा वा धातूचा घुमट, तो ट्वीटर. इंग्रजीत ही नावे कुत्र्याच्या भुंकण्यावरून आणि पाखराच्या चिवचिवाटावरून पडली, आणि ती अगदी नेमकी आहेत. जड शंकूला सेकंदाला दहा हजार वेळा थरथरणे जमत नाही. हलक्या घुमटाला ढोलाचा ठोका पेलत नाही. म्हणून पेटीच्या आत क्रॉसओव्हर नावाची गाळणी बसवलेली असते. साधारण दोन ते साडेतीन हजार हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी ती आवाजाची वाटणी करते: खालचा भाग वूफरकडे, वरचा ट्वीटरकडे. ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर असतो (दुरुस्तीवाले त्याला अजूनही कंडेन्सरच म्हणतात). तो खालच्या जड कंपनांना अडवतो. वूफरच्या वाटेवर तारेचे वेटोळे असते. ते वरची कंपने अडवते.

आता मराठी वर्णमाला या वाटणीवर ठेवून पाहा. स्वरांची ओळख पटवणारे मुख्य ध्वनिपट्टे बहुतांशी अडीच-तीन हजार हर्ट्झच्या खाली असतात. अनुनासिके, ‘र’, ‘ल’, ‘व’ हेही मुख्यतः त्याच मुलखातले. ऊष्म वर्ण मात्र वर राहतात. ‘श’चे घर्षण दोन-अडीच हजारांपासून पुढे सुरू होते, ‘स’चे बळ चार हजारांच्या वर, आठ हजारांपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरलेले असते. ‘च’ आणि ‘छ’ यांच्यातली घर्षणाची शेपटी, महाप्राणांचा श्वास, ‘त’चा स्फोट संपतानाची धार, हे सगळे वरच्या मजल्यावरचे रहिवासी. ट्वीटर जळाला की खालच्या मजल्यावर काहीच होत नाही. स्वर पूर्ववत, चाल पूर्ववत, आवाजाचा पोत उलट अधिक घोगरा आणि ‘भारदस्त’. म्हणूनच बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा गेला तर अंधार होतो; ट्वीटर गेला तर फक्त थोडे ढगाळ होते, आणि ढगाळ हवेची आपल्याला पटकन सवय होते.

कवितेच्या वर्गात या ढगाळपणाचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. वृत्त शाबूत राहते, कारण लघुगुरूंचा हिशेब स्वरांच्या लांबीत असतो. यमकही बऱ्याच अंशी टिकते. जातो तो अनुप्रास, विशेषतः ‘स’, ‘श’ आणि ‘च’चा. कवीने ओळीत मुद्दाम पेरलेली कुजबुज जाते, ओठांतून सुटणारा श्वास जातो, शब्दाच्या टोकाशी घेतलेला बारीकसा थांबा जातो. उरते ती एक लयदार गुणगुण. आणि मग आपण वर्गाला सांगतो की कवीच्या वाचनात लय फार सुंदर आहे. सांगतो ते खरेच असते, पण आपण ऐकवलेले तेवढेच असते. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी केलेली बोरकर-मर्ढेकरांच्या कवितांची वाचने किंवा विंदा, बापट आणि पाडगावकर या त्रयीचे काव्यवाचन ही मराठीतली उच्चारणाची मोठी संपत्ती आहे. या मंडळींच्या वाचनाचे वेगळेपण लयीपेक्षा व्यंजनांच्या वागणुकीत अधिक आहे असे माझे मत आहे. आणि व्यंजनेच आपण दाराबाहेर ठेवली आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले तेव्हा घराघरांतल्या रेडिओला कुठे ट्वीटर होता? मध्यम लहरींवरून तर चार-साडेचार हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोचतही नाही. तरी लोकांना शब्द कळले, पाठ झाले. मग आजच एवढी बारकाई कशाला? याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. त्या रेडिओत एकच शंकू होता, आणि त्याच्या वाटेवर गाळणी नव्हती. तो वरच्या पट्टीत हळूहळू, कण्हत-कुंथत का होईना, पण बोलत होता. चार हजारांपर्यंतचे जे प्रक्षेपणात होते ते बहुतेक श्रोत्यापर्यंत पोचवत होता. दोन-मार्गी पेटीचे तसे नाही. तिथे वूफरला वरची कंपने मुळात दिलीच जात नाहीत. त्यामुळे ट्वीटर मेलेली उत्तम पेटी ही आजोबांच्या रेडिओहूनही भाषेच्या दृष्टीने दरिद्री असते. (अगदी स्वस्त पेट्यांत वूफरला गाळणी नसते, फक्त ट्वीटरला कंडेन्सर जोडलेला असतो, तिथे हानी जरा कमी होते. स्वस्ताईचा हा एक अनपेक्षित फायदा!) शिवाय त्या श्रोत्यांना भाषा येत होती, संदर्भ ठाऊक होता, गाणारे सुधीर फडके होते. रामकथेतला गेलेला ‘स’ श्रोता मनात भरून घेतो. अनोळखी कवितेतला, अनोळखी बोलीतला ‘स’ तो कुठून भरणार? जुन्या लँडलाइनवर आपण नाव सांगताना ‘साताऱ्याचा स, फलटणचा फ’ असे करत होतो ते याच कारणाने: त्या तारेवरून ३४०० हर्ट्झच्या वरचे काही जात नव्हते.

एक अपवाद मोकळेपणाने नोंदवला पाहिजे. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले. त्याआधी गायक थेट कर्ण्यात गात, आणि त्या तबकड्यांवर अडीच-तीन हजारांच्या वर विशेष काही उमटतच नसे. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या मुक्या ट्वीटरवर ऐकल्या तर खरखर कमी होऊन त्या गोडच लागतात. इथेच घोटाळा सुरू होतो. जुने ते अंधुकच असणार, हा समज या तबकड्यांनी आपल्यात मुरवला आहे. मग १९७० सालचे चांगले टेपमुद्रणही पेटीतून अंधुक आले की आपण म्हणतो, ‘जुने रेकॉर्डिंग आहे, काय करणार!’ दोष पेटीचा, शिक्षा ध्वनिफितीला.

ध्वनिफितीला शिक्षा झाली तर एक वेळ चालेल. ती निर्जीव आहे. पण हाच दोष दोन जिवंत पक्षांच्या माथी मारला जातो, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

पहिला पक्ष विद्यार्थ्यांचा. मराठी लिपी ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. ‘चार’ मधला ‘च’ तालव्य, ‘चारा’ मधला दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे थोडेसे तेव्हा ‘ज’ दंततालव्य, ‘जरा’ म्हणजे वार्धक्य तेव्हा तालव्य. कागदावर दोन्ही शब्द अगदी एक. हा भेद पुस्तकातून शिकता येत नाही, तो फक्त कानाने शिकायचा. आणि तो ज्या घर्षणात आहे ते घर्षण बहुतांशी ट्वीटरच्या हद्दीत येते. ज्याच्या घरी मराठीचे प्रमाण रूप बोलले जाते त्याला पेटीची गरजच नाही. ज्याची घरची भाषा निराळी आहे, जो गोरमाटी, भिली, उर्दू, तेलुगू अशा घरातून आला आहे, त्याच्यासाठी ती ध्वनिफीत हाच कानाचा अभ्यासक्रम असतो. ‘श’ आणि ‘स’ यांचे तर सांगायलाच नको. मराठी समाजाने हा भेद केवळ उच्चाराचा ठेवलेला नाही. त्याला शुद्ध-अशुद्ध, घराणे, जात असे सगळे चिकटवले आहे. तोंडी परीक्षेत, अभिवाचन स्पर्धेत, मुलाखतीत त्यावरून माणसे जोखली जातात. ते जोखणे योग्य की अयोग्य हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे (माझ्या मते अयोग्य). पण जोखायचेच असेल तर निदान जो भेद आपण मागतो तो ऐकवायला तरी हवा. मुक्या ट्वीटरच्या पेटीवर प्रमाण उच्चाराचा नमुना ऐकवून नंतर ‘यांना ऐकूनही कळत नाही’ असा शेरा मारणे म्हणजे पाटीवर न लिहिलेले उतरवून का घेतले नाही म्हणून रागावण्यासारखे आहे.

दुसरा पक्ष बोलींचा. गेल्या काही वर्षांत बोलीभाषांचे ध्वनिमुद्रण पुष्कळ झाले. मोबाइलमुळे ते सोपे झाले. पदव्युत्तर विद्यार्थी गावी जातात, आजीबाईंच्या ओव्या, म्हणी आणि कहाण्या मुद्रित करून आणतात आणि विभागात बसून लिहून काढतात. मुद्रण सहसा चांगले असते. मोबाइलचा माइक बोलण्यापुरता पुरेसा सक्षम असतो. नुकसान होते ते लिहून काढताना, जेव्हा विभागातल्या पेटीवर ते पाच-सहा जणांना एकत्र ऐकवले जाते. अहिराणीत ‘आहे’ या अर्थी ‘शे’ येतो. तो वाक्याच्या शेवटी येतो, बहुधा हलक्या आवाजात. मुक्या पेटीवर तो ‘से’ आहे की ‘हे’ आहे की नुसता ‘ए’ आहे, यावर चर्चा सुरू होते. कोणी एक पर्याय कागदावर जातो. पुढे तो कागद प्रबंधात जातो, प्रबंधावरून लेखात, आणि तिथे ‘या भागातील बोलीत ऊष्म वर्ण शिथिल होतो’ असे निरीक्षण होऊन बसते. शिथिल झाले होते ते तारेचे वेटोळे. ध्वनिफाइल सुरक्षित आहे, ती पुन्हा ऐकता येईल, हे खरे; पण एकदा छापील संहिता हाती आली की मूळ ध्वनीकडे परत जाणारे किती, हे आपण सगळे जाणतो.

ट्वीटर जळतो कसा, हे थोडक्यात. पेटीवर शंभर वॅट लिहिलेले असले तरी ट्वीटरच्या वाट्याला सतत पेलता येतील असे त्यातले थोडेच वॅट येतात, कारण नेहमीच्या बोलण्या-गाण्यात वरच्या कंपनांचे बळ कमीच असते. विभागाची पेटी स्नेहसंमेलनाला उसनी जाते. मागे उभे राहून कोणी ‘अजून वाढव’ म्हणतो. अ‍ॅम्प्लिफायरची ऐपत संपते, ध्वनिलाटेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेत वरच्या कंपनांचा वाटा एकदम वाढतो. तो सगळा ट्वीटरवर येतो. त्यात माइकने एक लांब शिट्टी घातली की केसासारख्या तारेचे ते वेटोळे तापून तुटते. ऊष्म वर्ण उष्णतेनेच मरतात, ही कोटी मी टाळू शकलो नाही. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरने पेटी जळणार नाही हा समज मात्र टाळावा. कमी ऐपतीचा अ‍ॅम्प्लिफायर ओरडवला तर तोच अधिक घातक ठरतो. याशिवाय मुलांची बोटे असतात. घुमट आत दाबून पाहण्याचा मोह बालपणापुरता मर्यादित नसतो.

मात्र आवाज न देणारा प्रत्येक ट्वीटर जळलेला नसतो, आणि इथे घाई नडते. आधी डाव्या-उजव्या पेट्यांच्या तारा अदलाबदल कराव्यात. मुकेपणा दुसऱ्या पेटीत गेला तर दोष पेटीत नाहीच. जागचा हलला नाही तर वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाशी आणि दुसरे ट्वीटरशी धरावे. बारीक ‘स्स’ येतो की नाही ते कळते. मग ट्वीटर उघडून, त्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा ट्वीटर मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. तेवढे दाखवले तर वेटोळे अखंड आहे; मग संशय कंडेन्सरवर, सुटलेल्या डागावर किंवा टोकाशी तुटलेल्या बारीक तारेवर घ्यावा. काही पेट्यांत ट्वीटर वाचवण्यासाठी मालिकेत एक छोटासा दिवा घातलेला असतो. तोच गेलेला असतो आणि लोक ट्वीटर फेकून देतात. जुन्या पेट्यांतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयानुसार सुकतात. काही ट्वीटरांच्या चुंबकीय फटीत लोहकणांचे एक काळे तेल असते. ते वीसेक वर्षांत घट्ट होऊन घुमट चिखलात रुतल्यासारखा हलतो. तेव्हा जुने तेल टिपकागदाने काढून नवे थेंब सोडले की आवाज परत येतो. आत गेलेला रेशमी घुमट चिकटपट्टीने अलगद ओढून पूर्ववत होतो. धातूच्या घुमटाची सुरकुती मात्र बहुधा कायमची. आणि उघडलेल्या ट्वीटरजवळ लोखंडी पेचकस सांभाळावा. चुंबक तो खेचून घेतो, आणि घुमटाला आरपार भोक पडते.

मीटरने काहीच दाखवले नाही तर वेटोळे तुटले आहे. आता प्रश्न येतो दुरुस्ती की बदली. माझा कौल स्पष्टपणे दुरुस्तीला आहे, पण त्याचे कारण काटकसर हे नाही. पुष्कळ ट्वीटरांचा, विशेषतः सभागृहांतल्या कर्ण्याच्या युनिटांचा डायफ्राम, म्हणजे वेटोळ्यासह घुमट, सुटा मिळतो. तो त्याच मेकचा आणि त्याच मॉडेलचा आणावा, चुंबकाची फट चिकटपट्टीच्या कडेने साफ करावी, नेमका मध्यावर बसवावा. मूळ चुंबक, मूळ तोंड आणि मूळ गाळणी कायम राहते, आणि पेटी पूर्वीसारखीच बोलते. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही सापडतात. तालुक्याच्या गावी मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारा कोणी ना कोणी असतोच, आणि त्याचा कान आपल्यापैकी बहुतेकांहून तयार असतो.

‘बसेल तो ट्वीटर बसवून द्या’ ही मागणी मात्र धोक्याची आहे. बाजारात मिळणारा सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे पीझो ट्वीटर. त्यात वेटोळेच नसते. विजेच्या दाबाने वाकणारी एक स्फटिकी चकती असते. तो सहसा जळत नाही, क्रॉसओव्हरही मागत नाही, म्हणून मिस्त्रीचा लाडका. पण असे बहुतेक स्वस्त पीझो चार हजार हर्ट्झच्या खाली फारसे बोलत नाहीत. पेटीचा वूफर अडीच हजारांवर थांबतो, पीझो चारच्या पुढे सुरू होतो, आणि मधे एक फट राहते. त्या फटीत ‘श’ पडतो. वर ‘स’ मात्र गरजेपेक्षा तिखट होऊन चावतो. ऐकणाऱ्याला वाटते, वा, आवाज कसा खुलला! खुललेला नाही, एका वर्णाच्या जिवावर दुसरा माजला आहे. मुका ट्वीटर निदान प्रामाणिकपणे गप्प बसतो. चुकीचा ट्वीटर पाठभेद निर्माण करतो.

पाठभेद हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, आणि तिच्यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावूनही ठेवले. संहितेत गळलेल्या जागी काहीतरी ‘बसते’ म्हणून घालणे हे संपादन नव्हे, हे आपण एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो. छंदात बसते, अर्थही लागतो, तरी तो प्रक्षेपच. पीझोही असाच छिद्रात बसतो, आवाजही येतो. कुठलाही अनोळखी ट्वीटर बसवण्याआधी त्याचे तीन गुण पाहावे लागतात. अवरोध तोच हवा, नाहीतर गाळणीचा सांधा सरकतो. संवेदनशीलता जवळपास तीच हवी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती दिल्यासारखे. आणि त्याचे स्वतःचे मूळ कंपन गाळणीच्या सांध्याहून पुरेसे खाली हवे, नाहीतर तो सांध्यापाशीच कर्कश होतो. हे जुळत नसेल तर दोन्ही पेट्यांचे ट्वीटर एकदम बदलावेत, म्हणजे डावा-उजवा निदान एकमेकांशी तरी सुसंगत राहतात. आणि पेटीच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी: मूळ ट्वीटर अमुक, बदललेला अमुक, दिनांक. संपादकाची तळटीप असते तशी. पुढचा उघडणारा आशीर्वाद देईल.

बदली कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. कंपनी बंद झाली आहे, डायफ्राम कुठेच मिळत नाही, चुंबक तडकले आहे, अशा वेळी दुसरे काय करणार? पण आपल्या कार्यालयांत बदली होते ती या कारणांनी होत नाही. ती होते कारण ती सोपी असते. कंडेन्सर आणायचा तर त्याची रीतसर पावती देणारा दुकानदार शोधावा लागतो. मिस्त्रीकडे बिलबुक नसते. ‘दुरुस्ती व देखभाल’ या शीर्षाखाली रक्कम शिल्लक नसते. नवी वस्तू मात्र तीन दरपत्रकांवर सुखाने येते. जुनी जोडी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखित होते, आणि तिच्या जागी एकच ब्ल्यूटूथ पेटी येते, जिच्यात बऱ्याचदा ट्वीटर हा प्रकारच नसतो आणि मंद्राचा घुमार मात्र दणकून असतो. समितीला दाखवायला ती छान. किरकोळ किमतीचा एक भाग न मिळाल्याने गेलेली चांगली लाकडी जोडी गच्चीच्या जिन्याखाली मी एकाहून अधिक महाविद्यालयांत पाहिली आहे. त्यांच्यावर ‘निकामी’ असे खडूने लिहिलेले असते, आणि ते लिहिणाऱ्याने मीटर लावून पाहिलेला नसतो.

यात एक नाजूक अडचण आमच्या वयाची आहे. मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. डोळ्यांचा उतार आपण इतक्या सहजतेने भाषेत सामावून घेतला. कानाच्या उताराला तसा शब्द नाही, म्हणून तो मान्य करणेही जड जाते. वय वाढते तसे वरच्या कंपनांचे ऐकणे सर्वांचेच कमी होत जाते. विशीतल्या मुलांना जे ऐकू येते ते पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाला पूर्णपणे येतेच असे नाही. आणि पेटी ठीक आहे की नाही याचा निकाल मात्र तोच देतो, तेही पेटीच्या शेजारी, खुर्चीवर बसून. ट्वीटरचा आवाज किरणासारखा सरळ जातो. वूफरसारखा तो कोपऱ्यांना वळसे घालत नाही. मेजाखाली ठेवलेल्या पेटीचा ट्वीटर धडधाकट असला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, कारण तो पुढच्या रांगेच्या पाठीवर आदळून संपतो. पेटी बसलेल्या कानांच्या उंचीवर, घुमट वर्गाकडे तोंड करून ठेवली तर काही न उघडताच निम्मी दुरुस्ती होते.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर तपासणी विद्यार्थ्यांकडून करवावी, आणि मिस्त्री तिथे असतानाच. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ हे वाक्य या कामाला निरुपयोगी आहे. त्यात एकच ऊष्म आहे. चांगल्या माइकवर आधी एक शब्दयादी मुद्रित करून ठेवावी: सात, हात, शाल, साल, फाल्गुन, चार, चारा, शेष, वेस, वेश, छत, सत, झाड, झेल. यादी शब्दांच्या ओळखीवर चालू नये म्हणून त्यांत दोन-चार निरर्थक अक्षरजोड्याही घालाव्यात, आणि ‘जरा’ दोनदा घालावा, एकदा थोडासा आणि एकदा म्हातारपणाचा. एका वेळी एकच पेटी चालू ठेवावी. मागच्या बाकावरच्या चौघांनी ऐकू येईल ते लिहावे, मग दुसरी पेटी लावून दुसऱ्या चौघांनी. ‘जरा’च्या बाबतीत लिहून भागणार नाही, तिथे त्यांनी फक्त पहिला की दुसरा एवढे सांगावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मिस्त्रीचे पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवता येते.